पोस्टमनने वापरलेलं पाणी

हेडक्लार्कांनी ते यंत्र दातांच्या डॉक्टरांच्या खुर्चीवर ठेवलं, तेव्हा त्यांच्या दोनच अपेक्षा होत्या. डॉक्टरांनी बारीक चिमट्याने बॅटरीची वाकलेली पट्टी सरळ करून द्यावी, आणि ही गोष्ट कोणाला सांगू नये. यांतली पहिली पूर्ण झाली.

डॉक्टर म्हणजे समोरच्या दाराचे शेजारी. दवाखाना त्याच इमारतीच्या तळमजल्यावर. माणूस हाताचा हलका, पण जन्मभर तोंड उघडून पडलेल्या लोकांशी बोलत आल्यामुळे प्रश्न विचारायचा आणि उत्तराची वाट न बघता पुढे जायचं, अशी त्यांना सवय लागली होती.

"काय आहे हे? फोन? नाही ना? वाटलंच. किती वर्षांचं? बरीच असणार. दुखतं कुठे?"

"दुखत नाही. चालू होत नाही."

"तेच ते," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी दिवा खाली ओढला.

ते होतं पाण्याचं मीटर वाचायचं जुनं हातयंत्र. आकार विटेचा, वजनही जवळपास तेवढंच. मधे तळहाताएवढा स्क्रीन, खाली आकड्यांची जाडजूड बटणं आणि डोक्यावर पावती छापणारा इवलासा प्रिंटर. पाणीपुरवठा खात्याने मीटर वाचणाऱ्यांना नवे फोन दिले आणि जुनी यंत्रं परत मागवली. त्याच खात्यातले आपले हेडक्लार्क तक्रारी तपासण्यासाठी नावावर मिळालेलं यंत्र घेऊन स्टोअरमध्ये गेले, तर स्टोअरकीपरने ते उलटसुलट करून बघितलं आणि म्हणाला, "हे जुनं आहे."

"जुनंच परत करायचंय."

"आमच्याकडे माल नवीन असेल तरच आत घेता येतो. नवीन घेऊन या, लगेच घेतो."

अशा रीतीने यंत्र घरी आलं आणि कपाटावर पडून राहिलं. ते खाली उतरलं ते ताईंच्या फोनमुळे. हेडक्लार्कांच्या या थोरल्या भगिनी दूरच्या शहरात असत आणि बऱ्याच वर्षांनी आठवडाभर राहायला येणार होत्या. सगळं ठरवून झाल्यावर फोन ठेवता ठेवता त्या म्हणाल्या, "आणि काय रे पिंट्या, गेलास का कधी बंगल्यात?"

आता हे जरा समजून घेतलं पाहिजे. लहानपणी त्यांच्या घरी टीव्हीला जोडायचा एक करडा डबा होता. त्यात कॅसेट घालायची, चालली नाही तर काढून तिच्यात फुंकर मारायची, पुन्हा घालायची आणि 'पोस्टमन' खेळायचा. एक ठेंगणा पोस्टमन पत्र घेऊन गल्लीबोळांतून निघतो. वाटेत कुत्री येतात, उघडी गटारं येतात, वरून कुंड्या पडतात. सगळ्यांवरून उड्या मारत शेवटी टेकडीवरच्या बंगल्यापाशी पोचायचं. दारात म्हशीएवढा कुत्रा. त्याच्यावरून उडी मारली की बंगल्याचं दार उघडतं. ताई कितीदा तरी आत जाऊन आल्या होत्या. पिंट्या कधीच गेला नाही. आत काय आहे असं विचारलं, की ताई म्हणत, "गेलास की कळेल." आणि चार माणसं जमली की ही हकिगत त्या न चुकता सांगत. पिंट्याचे केस पांढरे झाले, पिंट्या हेडक्लार्क झाला, शिपाई पिंट्यासाठी दार उघडून धरू लागले, तरी पिंट्या बंगल्याबाहेरच.

तेव्हा हेडक्लार्कांनी ठरवलं, की ताई येण्यापूर्वी बंगल्यात जायचं.

करडा डबा केव्हाच भंगारात गेला होता. पण जुन्या डब्याचं सोंग दुसऱ्या यंत्राला घ्यायला लावणारा प्रोग्राम असतो, त्याला एम्युलेटर म्हणतात, हे त्यांनी इंटरनेटवर वाचलं. बायको म्हणाली, "अहो, मग फोनवरच खेळा की." पण काचेवर बोट फिरवून उडी मारणं त्यांना टेबल पुसल्यासारखं वाटे. उडीला बटण हवं, आणि बटण दाबल्याचं अंगठ्याला कळलं पाहिजे. अशी बटणं घरात एकाच वस्तूला होती. कुठल्याशा एका निरुद्योगी सत्पुरुषाने नेमक्या त्याच जातीच्या यंत्रासाठी एम्युलेटर तयार करून ठेवला होता. त्याच्या सूचनांमधली दर तिसरी ओळ 'हे करताना यंत्र बंद पडल्यास मी जबाबदार नाही' अशी होती. ही भाषा हेडक्लार्कांच्या ओळखीची असल्यामुळे त्यांचा त्या माणसावर एकदम विश्वास बसला.

डॉक्टरांनी पट्टी सरळ केली. जुन्या मापाचं मेमरी कार्ड लागत होतं, तेही आपल्या जुन्या कॅमेऱ्यातून काढून दिलं. आणि त्या दिवसापासून जो कोणी त्या खुर्चीवर आडवा झाला, त्याला तोंडात कापूस असताना ही सगळी कथा ऐकावी लागली.

सल्ल्यांना सुरुवात झाली. वरच्या मजल्यावरचे रसायनशास्त्राचे प्राध्यापक जिन्यात अडवून म्हणाले, "बॅटरी म्हातारी झाली असेल तर फ्रीजरमध्ये ठेवा. थंडीने तिला तरतरी येते." हेडक्लार्कांनी ठेवली. जेवणाच्या वेळी बायकोने फ्रीजर उघडला आणि ती शांतपणे म्हणाली, "अहो, मटारच्या शेजारी सरकारी माल आहे."

"प्राध्यापकांनी सांगितलंय."

"त्यांच्या स्वतःच्या घरातलं घड्याळ वर्षभर बंद आहे."

बॅटरीला तरतरी आली नाही, सर्दी तेवढी झाली. बाहेर काढल्यावर ती दिवसभर पाझरत होती. शेवटी ती पुसून, वाळवून हेडक्लार्क यंत्र ऑफिसात घेऊन गेले. ते चार्ज करायचा स्टँड फक्त तिथे होता, कोपऱ्यात, फायलींच्या मागे. तो स्टँड आता बंद करावा असा प्रस्ताव आलेला होता, पण तो प्रस्ताव ज्या टेबलावर पडून होता ते टेबल हेडक्लार्कांचंच असल्यामुळे घाई नव्हती. यंत्र स्टँडमध्ये ठेवताच त्याचा हिरवा दिवा लागला.

संध्याकाळी घरी पोस्टमन अवतरला.

पण त्याला पाहून हेडक्लार्कांनी यंत्र दोनदा हलवून बघितलं. यंत्र जुनं, त्यात दुसऱ्याचं सोंग घ्यायचं, म्हणजे दोन माणसांचं काम. त्यामुळे पोस्टमन असा चालत होता, की जणू त्याचे दोन्ही गुडघे सुजलेत. कुत्रा भुंकायला तोंड उघडायचा आणि बंद करेपर्यंत चहाचा एक घोट होऊन जायचा. वरून सुटलेली कुंडी पडायची की नाही याचा विचार करत खाली यायची. एकूण वेग खात्याच्या कामकाजाला साजेसा होता.

आणि इथेच हेडक्लार्कांचं नशीब फळफळलं. लहानपणी त्यांना काय करायचं ते कळायचं, पण ते कळेपर्यंत कुत्रा पुढे येऊन गेलेला असायचा. आता तसं नव्हतं. कुत्रा दिसला, कुत्रा आहे हे पटलं, त्यावर उडी मारावी असा निर्णय झाला, अंगठ्याला कळवलं, तरी कुत्रा अजून येतोच आहे. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना वाटलं, की हा खेळ आपल्यासाठी बनवलाय.

एकच भानगड होती. उडीचं बटण तेच खात्याच्या मूळ प्रोग्रामात छपाईचं बटण होतं, आणि तो प्रोग्राम एम्युलेटरच्या पाठीमागे अर्धवट जागा होता. दर उडीला प्रिंटर 'कुर्र' करून बोटभर कागद बाहेर टाकायचा. बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली, तर नवरा सोफ्यावर घोट्यापर्यंत कागदात. तिने काही विचारलं नाही. केर काढायचा झाडू आणून त्यांच्या शेजारी उभा करून ठेवला आणि आत गेली.

त्यांनी कागदाचं रीळ काढून ठेवलं आणि सराव सुरू केला. गल्ल्या पार झाल्या, बाजार पार झाला, टेकडी आली. तो म्हशीएवढा कुत्रा मात्र हलेना. पण एका रविवारी दुपारी पोस्टमन त्याच्या पायाशी पडला तेव्हा वर आकडा झळकला: एक्क्याण्णव हजार चारशे पन्नास! आकडा दर फेरीला नव्याने मोजला जाई, आणि वाटेतली निम्मी कुत्री टाळून धावणाऱ्या ताईंचा सगळ्यात मोठा आकडा ऐंशी हजारांच्या घरातला होता. हेडक्लार्क उभेच राहिले.

आता पुरावा हवा. एम्युलेटर आकडा जपून ठेवत नसे. फोनने फोटो काढावा, तर काचेवर दिव्याची तिरीप आणि आपलंच नाक दिसे. मग त्यांना सुचलं, की आपल्या हातात पावती छापणारं यंत्र आहे! त्यांनी रीळ परत घातलं, खात्याचा मूळ प्रोग्राम उघडला, त्यात शेवटचा म्हणून आपल्याच इमारतीचा मीटर नंबर उघडा होता, आणि 'चालू वाचन' या चौकटीत त्यांनी तो आकडा टाकला. तारीखवार सुबक पावती आली. ती त्यांनी पाकिटात नीट घडी करून ठेवली. दुसऱ्या दिवशी, बॅटरी संपली म्हणून, यंत्र दिवसभरासाठी ऑफिसच्या स्टँडमध्ये नेऊन ठेवलं. हिरवा दिवा लागला.

त्या स्टँडचं काम फक्त चार्जिंगचं नसतं, यंत्रातली वाचनं तो खात्याच्या मोठ्या कॉम्प्युटरला पाठवतो, हे हेडक्लार्क जाणून होते. पण हातात पोस्टमन असला की माणूस खातं विसरतो.

काही दिवसांनी इमारतीच्या सेक्रेटरीबाई ऑफिसात त्यांच्या खिडकीशी आल्या. या बाई पाण्याच्या बाबतीत अतिशय कडक. दात घासताना नळ बंद ठेवा, अशी पाटी त्यांनी जिन्यात लावली होती, आणि ती लोकांना दिसावी म्हणून तिच्यावर दिवाही. हेडक्लार्क बसत होते तक्रार विभागात. बाई बोलायला लागल्या, की बिल चुकलंय, इतका वापर अशक्य आहे, आणि इतक्या वर्षांच्या सवयीने हेडक्लार्कांच्या तोंडून आपोआप निघालं, "यंत्र खोटं बोलत नाही, बाई."

मग त्यांनी कागद हातात घेतला. चालू वाचन: ९१४५०.

पहिल्या क्षणी त्यांना अभिमान वाटला. दुसऱ्या क्षणी, पाणीपुरवठा खात्यात बसून, त्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

"धरण रिकामं केलंय म्हणे आम्ही महिन्यात," बाई म्हणाल्या. "मी, हेडक्लार्कसाहेब, मी सेक्रेटरी असताना!"

तेव्हाच सांगून टाकायला हवं होतं. पण मागे दोन कारकून आणि एक शिपाई कान टवकारून उभे होते, आणि 'तो माझा व्हिडिओ गेमचा स्कोअर आहे' हे वाक्य त्या खिडकीतून बाहेर पडण्याइतकं लहान नव्हतं. हेडक्लार्क म्हणाले, "बघतो." गुपचूप दुरुस्ती करावी, तर नियम असा, की वाचन कमी करायचं असेल तर अभियंत्याने स्वतः जागेवर जाऊन पाहणी केली पाहिजे. लोक उगाच तक्रारी करतात म्हणून हा नियम सुचवला होता हेडक्लार्कांनीच. त्याबद्दल त्यांचं कौतुकही झालं होतं.

तिकडे इमारतीत बाईंनी चोराचा शोध सुरू केला. कोणी अंघोळीला गेलं, की त्या दाराबाहेर उभ्या राहून कान देत आणि आतून पाण्याचा आवाज लांबला, की कडी वाजवत. प्राध्यापकांच्या कुंड्या जप्त झाल्या. आणि मग संशय येऊन थांबला तो डॉक्टरांवर. त्यांच्या खुर्चीशेजारी चूळ भरायचं भांडं होतं आणि त्यात दिवसभर पाण्याची धार चालू असे. बाईंनी ती धार बंद करायला लावली. बिचारे डॉक्टर दात साफ करून झाल्यावर पेशंटला म्हणू लागले, "चूळ घरी जाऊन भरा. घर लांब आहे का? असू दे." लोक गाल फुगवून, ओठ मिटून जिन्यातून धावत बाहेर पडताना दिसू लागले. आठवड्याभरात पेशंट कमी झाले. हेडक्लार्क भेटले, की डॉक्टर म्हणत, "मी खरंच इतकं पाणी वापरतो का हो? वापरत असेन. झोप लागते का तुम्हाला? मला लागत नाही."

हेडक्लार्कांनाही लागत नव्हती. त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. तिने आधी पातेल्याखालचा गॅस बंद केला. मग म्हणाली, "सांगून टाका. डॉक्टरांचा काय दोष त्यात?"

"ऑफिसात काय तोंड दाखवू?"

"आहे तेच दाखवा. दुसरं कुठून आणणार?"

तरी त्यांनी सांगितलं नाही. अभियंता पाहणीला येईल, सगळं ठीक आहे असं लिहील आणि प्रकरण मिटेल, अशी आशा त्यांनी धरली. अभियंतासाहेब आले ते नेमके ताई यायच्या दिवशी. हातात पाना घेतलेला एक माणूसही त्यांच्याबरोबर होता. साहेबांनी गच्चीवर जाऊन टाकी ठोकून पाहिली, खाली येऊन पाइप मोजले आणि मग सगळ्या रहिवाशांसमोर कमरेवर हात ठेवून विचारलं, "पोहायचा तलाव कुठे आहे?"

"तलाव नाही," सेक्रेटरीबाई म्हणाल्या.

"कारखाना? घोडे? एवढं पाणी गेलं कुठे, याचा खुलासा मिळाला नाही तर मला जोडणी बंद करावी लागेल." पानावाला मुख्य नळाजवळ खाली बसला.

सगळ्यांचे डोळे डॉक्टरांकडे वळले. डॉक्टरांनी मान खाली घातली. "मी दवाखाना दुसरीकडे हलवतो," ते हळूच म्हणाले. जन्मात पहिल्यांदाच त्यांनी प्रश्न न विचारता वाक्य संपवलं होतं, आणि ते हेडक्लार्कांना सोसवलं नाही.

"थांबा!" ते ओरडले. पानावाला दचकून मागे बसला. "पाणी कोणीच वापरलेलं नाही. ते वाचन नाहीच. तो माझा स्कोअर आहे."

"कसला स्कोअर?" अभियंता म्हणाले.

"पोस्टमनचा."

साहेबांनी यावर प्रामाणिकपणे विचार केला. "पोस्टमन एवढं पाणी कशाला वापरेल?"

हेडक्लार्कांनी सगळं सांगितलं. करडा डबा, एम्युलेटर, पावती, स्टँड. सांगता सांगता त्यांचे कान तापले. गर्दीच्या मागून खणखणीत आवाज आला, "पिंट्या! किती केलेस म्हणालास?"

दारात बॅग घेऊन ताई उभ्या होत्या.

"हे पिंट्या कोण?" अभियंत्यांनी विचारलं. हेडक्लार्कांनी शाळेतल्यासारखा हात वर केला. आपल्या खात्याची माणसं ऐकतायत, हे त्यांना दिसत होतं. आता राहिलंच काय होतं!

"हे बघा," अभियंता म्हणाले, "तोंडी सांगून फाइल बंद होत नाही. हा आकडा या यंत्रातून खेळून येऊ शकतो हे मला डोळ्यांनी दिसलं पाहिजे. प्रात्यक्षिक दाखवा."

सगळी वरात हेडक्लार्कांच्या घरात आली. सोफ्यावर मधे हेडक्लार्क, एका बाजूला साहेब, दुसऱ्या बाजूला ताई; मागे सेक्रेटरीबाई, डॉक्टर, प्राध्यापक आणि पाना. हेडक्लार्कांनी अंगठा सदऱ्याला पुसून बटणावर ठेवला.

"दे इकडे, तुला नाही जमायचं," म्हणून ताईंनी यंत्र ओढून घेतलं. पण त्यांच्या बोटांत जुना वेग होता. कुत्रा दिसला, की ताईंची उडी झालेली असे, आणि पोस्टमन खाली आल्यावर संथपणे चालत आलेल्या कुत्र्याच्या बरोबर तोंडात पडे. असं तीनदा झालं. "याला काय झालंय?" त्या चिडून म्हणाल्या.

"वय झालंय," हेडक्लार्क म्हणाले, आणि त्यांनी यंत्र हातात घेतलं.

मग ते जे खेळले! रीळ काढायचं राहिलं होतं. दर उडीला 'कुर्र' करून कागद निघत होता, सेक्रेटरीबाई तो गुंडाळत होत्या. गल्ल्या गेल्या, बाजार गेला. डॉक्टर पुटपुटत होते, "कुंडी येतेय का? आली. दिसली का? दिसली." टेकडी आली. आकड्याने नव्वद हजार ओलांडले, तसे साहेब म्हणाले, "झालं, पटलं मला, पुरे." आणि पाठोपाठ, "थांबू नका हो, पुढे काय आहे?"

म्हशीएवढा कुत्रा उठला. हेडक्लार्कांनी वाट पाहिली. कुत्र्याने उंच झेप घेतली, तो वरच तरंगत राहिला, खाली येऊ लागला, आणि त्याचे पाय टेकता टेकता हेडक्लार्कांनी बटण दाबलं. पोस्टमन त्याच्या पाठीवरून, शेपटीला चाटून, सावकाश पलीकडे उतरला.

पानावाल्याने शीळ घातली. बंगल्याचं दार उघडलं. दारात झोपताना घालतात तसली टोपी घातलेली एक बाई आली. तिने पत्र घेतलं, पाहिलं आणि परत दिलं. खाली इंग्रजीत दोन ओळी उमटल्या. प्राध्यापकांनी त्या मोठ्याने वाचून मराठीत सांगितल्या: "पत्ता चुकला. परत जा."

आणि पोस्टमन पहिल्या गल्लीच्या तोंडाशी पुन्हा उभा राहिला.

"हे आमच्याच खात्यातल्या कोणीतरी लिहिलेलं दिसतंय," अभियंता म्हणाले. त्यांनी फोन काढला. वाचन रद्द करायचं तर यादीतलं एक कारण निवडावं लागतं, आणि यादीत गेम नव्हता. 'घर बंद', 'मीटरची काच गढूळ', 'पत्ता चुकला', 'कुत्रा अंगावर आला'. शेवटच्या दोन्हींवर थोडी चर्चा झाली. "कुत्रा टाकतो," साहेब म्हणाले. "तो सगळ्यांनी पाहिलाय." खरं मीटर वाचलं, तर बाईंच्या धाकाने महिन्याचा वापर नेहमीच्या निम्म्यावर आलेला निघाला. तो आकडा पाटीवर लिहायला त्या धावतच गेल्या. हेडक्लार्कांनी डॉक्टरांची माफी मागितली. "रागावलोय का मी?" डॉक्टर म्हणाले. "रागावलोय. राहीन का तसाच? नाही," आणि धार सोडायला खाली गेले.

घर रिकामं झालं. हेडक्लार्क स्क्रीनकडे बघत बसले होते.

"ताई, तुला हे माहीत होतं?"

"होतं की. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी मोरीत जाऊन रडले."

"मग सांगितलं का नाहीस? जन्मभर चिडवत राहिलीस ते?"

"तू रोज शाळेतून धावत यायचास रे, आज बंगल्यात जायचंय म्हणून. आत काही नाहीये, हे कसं सांगणार तुला?" ताईंनी चष्मा पुसला. "आणि चिडवलं नसतं, तर सोडून दिलं असतंस."

स्क्रीनवर गल्लीच्या टोकाला एक कुत्रा उगवला, आणि त्याच्यामागून आणखी एक.

"दुसऱ्या फेरीत ते जोडीने येतात," ताई म्हणाल्या. "सरक जरा, मला दिसत नाहीये."

हेडक्लार्क सरकले.